काजव्यांचा फोटो आणि गावचा रस्ता

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला, की माझ्या मोबाइलवर काजव्यांचे फोटो येऊ लागतात. आधी पुण्याची भाची पाठवते, मग नाशिकचे साडू पाठवतात, आणि शेवटी तोच फोटो सातासमुद्रापलीकडून पुतणी पाठवते, "काका, हे बघितलंत का?" असं विचारून. फोटोत एक झाड असतं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पिवळट-हिरव्या ठिपक्यांचा नुसता सडा पडलेला असतो. खाली गवतात तर कुणी ज्वारीच्या लाह्या उधळल्यासारख्या दिसतात. वर आकाशगंगा, आणि फोटोखाली एक ओळ: 'निसर्गाची दिवाळी, एकदा तरी पाहायलाच हवी!'

फोटो सुंदर असतो, वादच नाही. पण मंडळी, असं झाड आजवर कुणीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

चमकलात? सांगतो. निवृत्तीनंतर मुलाने कॅमेरा हातात दिला आणि गेली आठ-नऊ वर्षं मी या नादात आहे, त्यामुळे या फोटोची पाककृती मला ठाऊक आहे. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा. शटर पंधरा ते तीस सेकंद उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात समोरून गेलेल्या प्रत्येक काजव्याची प्रत्येक लुकलुक एका चौकटीत जमा होते. असे वीस, तीस, चाळीस फोटो तास-दीड तासात काढायचे. मग घरी येऊन संगणकावर ते एकावर एक ठेवायचे. दीड तासाचा उजेड एका क्षणाचा असल्यासारखा दिसतो. वर्गातल्या साठ मुलांनी वर्षभरात विचारलेले सगळे प्रश्न जर एकाच मिनिटात एकदम विचारले, तर जो गिल्ला होईल, तसा हा उजेडाचा गिल्ला.

याला मी लबाडी म्हणत नाही. ही एक रीत आहे, आणि मीही त्या रीतीने फोटो काढतो. माझं म्हणणं एवढंच, की रीत सांगितली नाही तर फोटो पाहणाऱ्याला एक वचन दिल्यासारखं होतं, आणि ते वचन काजवे पाळू शकत नाहीत. शहरातला माणूस दोनशे किलोमीटर गाडी हाकून जंगलात पोचतो. त्याच्या डोक्यात तो फोटो असतो. समोर काळोख असतो आणि त्या काळोखात इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका. तो म्हणतो, "एवढंच?" मग तो हेडलाइट लावून बघतो, झाड हलवून बघतो. तिथून सगळा बिघाड सुरू होतो.

खरं तर प्रत्यक्षातलं दृश्य फोटोपेक्षा मोठं आहे, पण ते डोळ्यांना कमवावं लागतं. उजेडातून काळोखात गेल्यावर डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मध्ये कुणी एकदा बॅटरी मारली, की पुन्हा पहिल्यापासून. ती अर्धा तास वाट पाहिलीत, की एखाद्या सादड्यावरचे किंवा हिरड्यावरचे काजवे कसे एका लयीत पेटतात आणि विझतात ते दिसतं. एक लाट झाडाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे जाते, आणि मग शेजारचं झाड तिला उत्तर देतं. ही लय कुठल्याच स्थिर फोटोत येत नाही. फोटोत नुसते ठिपके येतात.

मी मराठीचा मास्तर, विज्ञान शिकवलेलं नाही. पण काजव्याबद्दल जे वाचलं ते सांगण्यासारखं आहे. काजवा म्हणजे माशी नव्हे, तो भुंगेऱ्यांच्या कुळातला. त्याच्या पोटाच्या टोकाशी एक रसायन हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतं आणि उजेड होतो. त्या उजेडात उष्णता जवळजवळ नसते. बऱ्याच जातींत नर उडत उडत ठरावीक तालात चमकतो, आणि खाली गवतात किंवा पानावर बसलेली मादी त्याच तालाला उत्तर देते. प्रत्येक जातीचा ताल वेगळा. थोडक्यात, ती लग्नाची बोलणी चाललेली असते! या प्रौढपणाला मिळतात जेमतेम दोन-तीन आठवडे. त्याआधीचे कित्येक महिने तो अळीच्या रूपात पालापाचोळ्यात आणि ओल्या मातीत गोगलगायी खात काढतो. म्हणजे आपण पाहायला जातो तो सोहळा मोठ्या प्रतीक्षेनंतरचा, आणि थोड्या दिवसांचा.

आता त्या बोलण्यांच्या मध्ये कुणी हेडलाइटचा झोत सोडला तर काय होईल? नराला मादी दिसत नाही, मादीला नर दिसत नाही. २०२० साली सारा लुईस या अमेरिकन संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या काजव्यांच्या जाणकारांना विचारून धोक्यांची क्रमवारी लावली. पहिला क्रमांक अधिवास नष्ट होण्याचा, दुसरा रात्रीच्या कृत्रिम उजेडाचा, तिसरा कीटकनाशकांचा. दुसऱ्या क्रमांकाचा धोका आपण काजवे बघायला जाताना स्वतःबरोबर घेऊन जातो, ही यातली गंमत. आणि पायाखाली काय चिरडलं जातं याचा तर हिशेबच नाही. मादी बहुतेकदा खालीच असते ना!

आता ज्या रात्रीमुळे हे सगळं लिहावंसं वाटलं, त्या रात्रीबद्दल सांगतो.

२०२४ सालच्या १ जूनला, शनिवारी, नातू, त्याचे दोन मित्र आणि मी असे भंडारदऱ्याला गेलो. वैशाखातला वद्य पक्ष, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार, म्हणजे फोटोला उत्तम. प्रवरेवरचं ते धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्या जलाशयाला वळसा घालून एक अरुंद रस्ता रतनवाडीकडे जातो. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. जलाशयाकाठच्या एका वाडीत आम्ही एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो. गाडी त्यांच्या अंगणात लावली, पिठलं-भाकरी लवकर खाऊन घेतली आणि साडेसातला यजमानांबरोबर चालत रानात शिरलो. बॅटऱ्यांना पतंगाचा लाल कागद गुंडाळलेला. लाल उजेडाचा त्रास त्यातल्या त्यात कमी, डोळ्यांनाही आणि काजव्यांनाही.

रस्त्यापासून शंभर-दीडशे पावलांवर एक मोठा सादडा होता. नातवाने तिपाई लावली, कॅमेरा आपोआप फोटो काढत राहील असा लावून दिला आणि आम्ही गप्प बसलो. आठच्या सुमाराला खालच्या गवतात पहिला ठिपका दिसला. साडेआठपर्यंत झाड हळूहळू श्वास घेऊ लागलं. नातू माझ्या कानाशी म्हणाला, "आबा, फोटो नाही आला तरी चालेल." त्या वयातल्या मुलाच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मी आणखी दोनशे किलोमीटर गेलो असतो.

पावणेनऊला पहिली गाडी आली. मग दुसरी, मग मोजणं सोडून दिलं. कुणीतरी रस्त्यावरूनच झाडावर झोत टाकला. कुणाच्या गाडीतून गाणी. "इकडे आहेत, इकडे आहेत!" असा आरडाओरडा. एक लहान मुलगा बाटली घेऊन धावला. त्याचे वडील त्याला काजवा पकडून देत होते, अगदी प्रेमाने. आमचं झाड विझलं. एकदम नव्हे, एका बाजूने सुरू होऊन, वर्गात साहेब आल्यावर गडबड जशी मागच्या बाकापर्यंत शांत होत जाते तसं. यजमान एवढंच म्हणाले, "गुरुजी, शनिवारी असंच राहतं."

इथपर्यंतची गोष्ट नेहमीची आहे. काजव्यांना जाऊन आलेल्या प्रत्येकाने ती थोड्याफार फरकाने सांगितलेली आहे. पुढचं मात्र नेहमीचं नव्हतं.

सव्वानऊच्या सुमाराला वरच्या अंगाने एका जीपचा हॉर्न ऐकू आला. थांबेचना. आधी वाटलं, कुणाला गाडी काढायची घाई झाली असेल. पण यजमानांनी तो हॉर्न ओळखला. "ही आमच्या वरच्या वाडीची जीप," म्हणाले, आणि पळाले. मागोमाग मुलं पळाली. मी माझ्या चालीने पोचलो.

जीपमध्ये चाळिशीचा एक गृहस्थ होता. बैलाला वैरण टाकायला गोठ्यात गेला, आणि अंधारात पायाला साप चावला. कुठला साप, ते कुणाला दिसलं नव्हतं. कुणा शहाण्या माणसाने पाय करकचून न बांधता नुसता काठीच्या आधाराने सरळ आणि स्थिर ठेवला होता. तेच बरोबर. बाकी उपाय एकच, लवकरात लवकर दवाखाना गाठणं आणि सर्पविषावरची लस मिळणं. आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लावून माणसं रानात पांगलेली. मधून सायकल जाईल, जीप जाणार नाही.

पुढची पस्तीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. पस्तीस वर्षं शाळा सुटताना फाटकावर उभं राहून मुलांना ओळीने सोडलंय, तोच आवाज शहात्तराव्या वर्षी पुन्हा काढला. एका वळणावर मी उभा, दुसऱ्या वळणावर नातू. ज्यांच्या गाड्यांत माणसं होती त्यांना एकेक करून मागे घ्यायला लावलं. ज्यांच्या गाड्या कुलूपबंद होत्या, त्यांच्या नावाने रानात हाका. एका छोट्या गाडीचा मालक सापडेचना, तेव्हा आठ-दहा जणांनी ती गाडी हातांनी उचलून उचलून कडेला सरकवली. आणि हेही सांगितलं पाहिजे, की त्या आठ-दहांत मघाशी गाणी लावून बसलेला मुलगा सगळ्यांत पुढे होता. वाट मोकळी झाल्यावर तोच आपली गाडी घेऊन जीपच्या पुढे निघाला, समोरून येणाऱ्यांना बाजूला घालत थेट शेंडीपर्यंत. माणसं वाईट नसतात हो. कुणी त्यांना आधी सांगितलेलं नसतं.

तो गृहस्थ वाचला. सहाव्या दिवशी घरी आला, असा यजमानांचा फोन आला. कॅमेरा त्या गोंधळात रानात एकटाच फोटो काढत राहिला होता. त्यातल्या एका फोटोत काजवा एकही नाही. झाडाच्या काळ्या आकृतीमागून एक लांब लाल रेघ गेलेली आहे, जीपच्या मागच्या दिव्यांची. नातवाने तो फोटो पुसला नाही.

आता माझं मत. काजवे बघायला जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं असतं आणि निरुपयोगीही. या वाड्यांमध्ये भातशेती पावसावर होते, आणि उन्हाळ्याच्या शेवटी घरात पैसा नसतो. नेमके त्याच वेळी तीन-चार आठवडे पाहुणे येतात, जेवतात, राहतात. आमच्या यजमानीणबाईंनी त्या रात्री किती भाकऱ्या थापल्या ते मी पाहिलंय. तो पैसा हक्काचा आहे.

'अंधार वाचवा' असं गावाला शहाणपण शिकवायलाही मी तयार नाही. ज्या काळोखाचं आपण शहरात बसून कौतुक करतो, त्याच काळोखात त्या माणसाचा पाय सापावर पडला. गोठ्यात दिवा हवा, अंगणात हवा, विहिरीच्या वाटेवर हवा. ज्याच्या घरात बटण दाबलं की उजेड पडतो, त्याने दुसऱ्याला अंधाराची महती सांगू नये. पण गोठ्यातला दिवा खाली पडतो, आणि काम झालं की विझतो. झाडावर सोडलेला हेडलाइटचा झोत, जलाशयाकाठच्या तंबूंभोवतीच्या रंगीत माळा, फोटोसाठी लावलेले मोठे दिवे, यांतला एकही कुणाच्या गरजेचा नाही. गावाचा उजेड आणि पाहुण्यांचा उजेड यांत फरक करायला शिकलो, तर निम्मा प्रश्न सुटतो.

आणि रस्ता. तो एकच आहे. दवाखान्याला जाणारा, बाजाराला जाणारा, शाळेला जाणारा. त्यावर रात्री आपण गाड्या लावतो तेव्हा आपण नुसते निसर्गाला नव्हे, तर त्या गावालाही ओलीस धरतो. माझ्या मते शनिवार-रविवारी बाहेरच्या गाड्या धरणाच्या अलीकडेच थांबाव्यात, आणि तिथून पुढे गावातल्याच जीपगाड्यांनी ठरलेल्या संख्येत माणसं न्यावीत. जीपवाल्याला भाडं मिळेल, रस्ता मोकळा राहील. किती जीपगाड्या, किती माणसं, हे शहरातून सहली काढणाऱ्यांनी ठरवू नये. ग्रामसभेने वनखात्याबरोबर बसून ठरवावं. पावती फाडली म्हणजे व्यवस्था झाली असं होत नाही.

हे अशक्य आहे असं म्हणू नका. अमेरिकेत टेनेसी राज्यात ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले काजवेही एका लयीत चमकतात. ते बघायला जाणाऱ्या गाड्यांसाठी चक्क सोडत काढतात. नाव निघालं तर जायचं, नाहीतर पुढच्या वर्षी. बॅटरीला लाल कागद, झोत जमिनीकडे. तेही परदेशाचं सोडा. आपल्या विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तारे दिसावेत म्हणून दिव्यांची तोंडं खाली वळवायची, हे आपल्याच राज्यात झालं. ताऱ्यांसाठी जमतं ते काजव्यांसाठी का जमू नये? संस्कृतात काजव्याला 'खद्योत' म्हणतात, आकाशात प्रकाशणारा. म्हणजे दोघे एकाच घराण्यातले!

'महोत्सव' या शब्दाबद्दलही दोन शब्द. काजवे तारीख पाळत नाहीत. पावसाच्या आगेमागे येतात, आणि पाऊस चांगला बसला की संपतात. २०२५ साली मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला, तेव्हा जूनच्या शनिवारांची आगाऊ नोंदणी करणाऱ्यांनी काय पाहिलं असेल? भरघोस पैसे घेऊन काजव्यांची हमी देणारी जाहिरात दिसली, की समजावं, ही जाहिरात काजवे न पाहिलेल्या माणसाने लिहिली आहे.

आणि शेवटी आपण फोटोवाले. व्यवस्था होईल तेव्हा होईल, आपल्या हातात आज दोन गोष्टी आहेत. पहिली, फोटोखाली खरं लिहिणं. मी लिहितो: 'सत्तर मिनिटांत काढलेले चोवीस फोटो एकत्र केले आहेत. डोळ्यांना असं दिसत नाही. डोळ्यांना दिसतं ते याहून शांत असतं.' दुसरी, झाडाचा पत्ता न देणं. तालुका सांगावा, झाड सांगू नये. ज्याला खरंच बघायचंय तो गावात उतरेल, तिथल्या माणसाला विचारेल, आणि तो माणूस त्याला योग्य झाडापाशी नेईल. आमच्या एका ज्येष्ठ ब्लॉगमित्राला हे पटत नाही. ते म्हणतात, "सौंदर्य वाटावं, लपवू नये." मला वाटतं, सौंदर्य जरूर वाटावं, पण वाट दाखवण्याचा मान गावाचा आहे.

तेव्हा भाचीबाई, साडूसाहेब आणि सातासमुद्रापलीकडची पुतणी, तुम्ही फोटो पाठवत राहा, मला आवडतात. यंदा प्रत्यक्ष जायचं मनात असेल, तर शनिवार टाळा, मधल्या वारी जा. गाडी कुणाच्या तरी अंगणात लावा, रस्त्यावर नको. रात्रीचं जेवण तिथेच जेवा. दिवे बंद करून अर्धा तास गप्प बसा. मुलांना बाटली देऊ नका, वाट पाहायला शिकवा. अर्ध्या तासात काहीच दिसलं नाही तर आणखी अर्धा तास बसा. वर तारे असतातच.